गवती चहा, रोशा आणि सुगंधी तेले: घरात वापर किती, कसा आणि कुठे थांबावे



गेल्या काही वर्षांत दहा मिलीच्या छोट्या बाटल्या गावागावांत पोहोचल्या आहेत. लव्हेंडर, लेमनग्रास, टी ट्री, निलगिरी अशी नावे त्यांवर असतात. कुणी ओळखीचे घरी आणून देतात, तर कुठे बचत गटाच्या बैठकीत त्यांची माहिती सांगितली जाते. झोप लागते, ताण जातो, गुडघे दुखायचे थांबतात, साखर आटोक्यात येते, असे दावे केले जातात. त्याच वेळी ‘याच तेलाचे पीक लावा’ असा सल्लाही मिळतो. मग शिवारात आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. ही तेले खरेच उपयोगी आहेत का? आणि आपल्या बांधावरच्या गवती चहातही तेच असेल, तर विकत का घ्यायचे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या लेखात तेल म्हणजे काय, त्याचा शरीराला आणि मनाला खरा उपयोग किती, घरात ते कसे वापरावे आणि कोणत्या वेळी बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठावा, हे पाहू.

सुगंधी तेल म्हणजे काय?

करडई, तीळ, शेंगदाणा यांचे तेल घाण्यावर निघते आणि कागदावर डाग ठेवते. सुगंधी तेल वेगळे असते. ते उडून जाणारे, म्हणजे बाष्पनशील असते. पाने, फुले, साल किंवा मुळे वाफेवर ठेवली की वाफेबरोबर ते बाहेर येते. वाफ थंड केली की पाणी खाली राहते आणि बहुतेक तेले वर तरंगतात. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. उरलेल्या पाण्यालाही सौम्य सुगंध असतो.

वनस्पती हे तेल आपल्यासाठी तयार करत नाही. कीड, बुरशी आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचाव हे त्याचे एक मोठे काम आहे. जिल्ह्यातील चिया उत्पादकांना याचा अनुभव आहे. पानांच्या उग्र वासामुळे रोही आणि हरणे त्या पिकाला फारसे तोंड लावत नाहीत. गवती चहाचेही तसेच आहे. म्हणजे हे तेल झाडाचे संरक्षणाचे अस्त्र आहे. पानात ते विरळ असते, बाटलीत मात्र अतिशय तीव्र होते. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीवरून ठरतात.

एका थेंबाचा हिशेब

गवती चहाच्या ताज्या पाल्यात तेलाचे प्रमाण साधारण ०.२ ते ०.५ टक्के असते. ०.४ टक्के धरून हिशेब करू.

• १ किलो ताज्या पाल्यातून सुमारे ४ ग्रॅम तेल निघते.
• १० मिलीची एक बाटली भरायला सव्वादोन किलोच्या आसपास पाला लागतो.
• एक कप चहात आपण चार-पाच पाती, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पाला टाकतो. त्यातील सगळे तेल कपात उतरले तरी ते २० मिलिग्रॅम होते.
• तेलाचा एक थेंब सुमारे ४५ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एका थेंबात दोन कपांहून अधिक चहाच्या पाल्याचे तेल असते.
• चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल हे दोनशेहून अधिक कपांच्या पाल्याइतके होते.

‘नैसर्गिक आहे, मग काय होणार’ असे कुणी म्हणाले तर हा हिशेब सांगावा. आजीने पानांचा काढा दिला म्हणून बाटलीतले तेल पोटात घेता येते, असे मुळीच नाही.

आपल्या मातीतला रोशा

सुगंधी तेल ही बाहेरून आलेली नवलाई नाही. रोशा, म्हणजेच रोहिष किंवा तिखाडी गवत, हे मध्य भारतातील आणि महाराष्ट्रातील कोरड्या डोंगरउतारांवर आपोआप उगवणारे गवत आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागांत डोंगरातले रोशा गवत कापून तेल काढले जाई. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि पुढे तुर्कस्तानात जाई. तिथे ते महागड्या गुलाब तेलात मिसळले जाई. याचे कारण सोपे आहे. रोशा तेलात जिरॅनिऑल हा घटक साधारण ७५ ते ९० टक्के असतो आणि गुलाब तेलातही तो असतो. आपल्या डोंगरातले गवत अशा रीतीने परदेशात गुलाब म्हणून विकले गेले.

या इतिहासातून आजच्या ग्राहकाने एक गोष्ट शिकावी. १ किलो गुलाब तेलासाठी साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे १० मिलीच्या बाटलीसाठी ३० किलोंहून अधिक पाकळ्या हव्यात. शंभर-दोनशे रुपयांत ‘शुद्ध गुलाब तेल’ मिळत असेल, तर आत काय आहे हे तुम्हीच ओळखा.

मनावर सुगंधाचा परिणाम

मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या मातीचा वास आला की शेतकऱ्याच्या मनाला काय वाटते, हे सांगायला नको. हवेतील वासाचे कण नाकातील मज्जातंतूंपर्यंत पोहोचतात आणि तिथून संदेश मेंदूच्या भावना व आठवणींशी संबंधित भागाकडे थेट जातो. म्हणून वासाने मन चटकन बदलते. कन्नौजमध्ये तर भाजलेल्या मातीपासून ‘मिट्टी’ अत्तर काढतात.

या परिणामाचा अभ्यास झालेला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा दाताच्या उपचारापूर्वी लव्हेंडरचा वास घेतलेल्या लोकांची धास्ती थोडी कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. पण असे बरेचसे अभ्यास लहान आहेत. त्यांत एक मोठी अडचण असते. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे लपवता येते. वास लपवता येत नाही. त्यामुळे गुण तेलाचा किती आणि शांत बसून दोन मिनिटे श्वास घेतल्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची ठरावीक कॅप्सूल अस्वस्थतेसाठी दिली जाते. पोटात मुरडा येण्याच्या दीर्घ त्रासात पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल डॉक्टर देतात. ही मोजून तयार केलेली औषधे आहेत. बाजारातील बाटलीतून पाण्यात थेंब टाकून पिणे म्हणजे तोच उपचार नव्हे.

थोडक्यात, थकून आल्यावर मन हलके होणे, झोपण्यापूर्वी बरे वाटणे, घरात प्रसन्न वाटणे इतका उपयोग मान्य करायला हरकत नाही. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, फिट येणे किंवा नैराश्य यांवर सुगंधी तेल हा उपचार नाही. प्रयोगशाळेत तेलाने जिवाणू मेले, याचा अर्थ शरीरातील आजार बरा झाला असा होत नाही. १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. असा दावा कानावर आला की विकणाऱ्यावरचा विश्वास तिथेच कमी करावा.

घरात वापरण्याची पद्धत

पहिली पसंती ताज्या पानांना द्यावी. गवती चहा, तुळस, पुदिना आणि ओवा आपल्याकडे आहेतच. चहात किंवा काढ्यात पाने टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि सौम्य प्रकार आहे. बाटलीतील तेल वापरायचेच असेल, तर पुढील काळजी घ्यावी.

१. वास घेण्यासाठी: रुमालावर किंवा कापसावर एक-दोन थेंब टाकून थोड्या अंतरावर ठेवावे. खोलीची खिडकी उघडी असावी. दमा असलेल्या व्यक्तीला उग्र वासाने त्रास होऊ शकतो, तेव्हा वापर थांबवावा.

२. मालिशसाठी: तेल थेट त्वचेवर लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळूनच लावावे. चहाच्या एका चमच्यात (५ मिली) सुमारे शंभर थेंब मावतात. मोठ्या माणसासाठी एका चमच्याला एक ते दोन थेंब पुरे. गवती चहाचे तेल त्वचेला झोंबते, म्हणून त्याचा एकच थेंब घ्यावा.

३. आधी चाचणी: मिसळलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. लाली, खाज किंवा पुरळ आले तर वापरू नये.

४. लिंबूवर्गीय तेले: सालीतून दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. शेतात जाण्यापूर्वी ते लावू नये.

५. वाफ घेताना: साध्या पाण्याची वाफ पुरेशी आहे. उकळत्या भांड्यावर लहान मुलाला बसवू नये. भांडे कलंडून भाजण्याचा धोका मोठा असतो.

६. डासांसाठी: गवती चहा आणि सिट्रोनेला यांच्या वासाने डास दूर राहतात, पण तास-दीड तासात परिणाम ओसरतो. डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणी आणि साठलेले पाणी काढणे याला पर्याय नाही.

७. साठवण: गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, थंड जागी, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. ही तेले काही प्रकारचे प्लास्टिक खातात. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही तेल कधीच भरू नये.

गरोदर महिला, दोन वर्षांखालील बाळे आणि फिट येण्याचा आजार असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेले वापरू नयेत.

कापूर आणि निलगिरी: सर्वाधिक धोका इथे

सर्दी झाली की बाळाच्या छातीला कापराचे तेल चोळणे किंवा नाकाजवळ निलगिरी लावणे ही आपल्या घरांतली नेहमीची सवय आहे. इथेच अपघात होतात. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत ते दीड तासात झटके येऊ शकतात. लहान मुलाच्या बाबतीत अर्धा ते एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतू शकतो. निलगिरी तेल एक चमचा पोटात गेले तरी मूल बेशुद्ध पडू शकते. मोठ्यांमध्येही या दोन्ही तेलांनी झटके येऊ शकतात आणि ज्यांना आधीच फिट येते त्यांच्यात ती वाढू शकते.

मुलाने चुकून तेल किंवा कापूर गिळला तर:

• उलटी करवू नये. तेल फुप्फुसात गेले तर धोका वाढतो.
• दूध, तूप किंवा घरगुती उतारा देऊ नये.
• १०८ वर फोन करून लगेच दवाखान्यात न्यावे.
• बाटली किंवा कापराचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते कळेल.

फवारणीनंतरची डोकेदुखी बामने दाबू नये

ही सूचना खास खरिपासाठी आहे. फवारणी करून आल्यावर डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, घाम आणि लाळ सुटते. अशा वेळी कपाळाला बाम किंवा निलगिरी चोळून झोपण्याची सवय आहे. हे विषबाधेचे लक्षण असू शकते. तेलाच्या गारव्याने बरे वाटते आणि मोलाचा वेळ निघून जातो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

फवारणीनंतर असा त्रास झाल्यास कपडे बदलावेत, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे, औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीपत्रक सोबत घेऊन दवाखाना गाठावा. अंगाला तेल लावून फवारणीला जाऊ नये. तेलकट त्वचेतून काही कीटकनाशके अधिक सहज आत शिरतात.

ताण जास्त असेल तर

पाऊस लांबला, सोयाबीनला भाव नाही, कर्जाचा हप्ता आहे, मुलीचे लग्न आहे. वाशिम जिल्ह्यात हे विषय घराघरांत आहेत. कामाचा शीण सुगंधाने हलका होतो. कर्जाचा आणि खचलेल्या मनाचा भार त्याने उतरत नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप न लागणे, जेवण तुटणे, शेतात जावेसे न वाटणे, माणसांत मिसळणे बंद होणे, ‘माझ्यामागे तुमचे कसे होईल’ अशी निरवानिरवीची भाषा, अचानक वाढलेली दारू ही लक्षणे दिसली, तर तेल किंवा झोपेचा घरगुती उपाय शोधत बसू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत किंवा काही दिवस शेजाऱ्याकडे द्यावीत.

टेली मानस या केंद्र सरकारच्या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. औषध सुरू झाले तर तेलाच्या भरवशावर ते बंद करू नये.

परसात लावायचे असेल तर

घरच्या वापरासाठी गवती चहाचे आठ-दहा ठोंब पुरेसे आहेत. मृगाचा पाऊस झाल्यावर जुन्या गड्ड्यातून मुळ्यांसह ठोंब वेगळे करावेत, वरची पाने छाटून दोन फुटांवर लावावेत. पाणी साचू देऊ नये. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी आणि पुढे पाणी असल्यास सुमारे तीन महिन्यांच्या अंतराने करावी. जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर कापावे, म्हणजे फुटवा चांगला येतो.

रोशा हलक्या, निचरा होणाऱ्या मुरमाड जमिनीवर येतो. त्याचे बी बारीक असते, म्हणून रोप तयार करून लावतात. त्याचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते. डोंगरातील रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार दिसतात. गुलाबासारख्या वासाचा मोतिया हा दर्जेदार समजला जातो. ओळख पक्की असल्याशिवाय जंगली गवताचे बी आणू नये.

घरी प्रेशर कुकरला नळी जोडून तेल काढण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नयेत. नळी तुंबली तर कुकर फुटू शकतो आणि तेलाची वाफ पेट घेते. पाने तर तशीही वापरता येतात.

एकरभर लागवड करण्याचा विचार असेल, तर आधी जवळ ऊर्ध्वपातन संच आहे का ते पाहावे. एक टन पाल्यातून जेमतेम तीन-चार किलो तेल निघते. एवढा पाला दूर वाहून नेणे परवडत नाही. ‘रोपे आमची, तेल आम्ही घेऊ’ अशा तोंडी आश्वासनावर रोपे विकत घेऊ नयेत. खरेदीचा दर, तेलाची तपासणी कोण करणार आणि पैसे कधी मिळणार, हे लेखी घ्यावे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सीमॅप) गवती चहाचे कृष्णा, प्रगती आणि रोशाचे पीआरसी-१, तृष्णा असे वाण विकसित केले आहेत. वाण आणि लागवडीच्या माहितीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन वनौषधी उद्यान किंवा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात

• वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बाटलीवर असावी.
• पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. गवती चहा किंवा निलगिरीचे शुद्ध तेल उडून जाते. तेलकट डाग राहिला तर खाद्यतेलाची भेसळ असू शकते. कृत्रिम रसायनाची भेसळ मात्र या चाचणीत कळत नाही.
• ‘प्यायला चालते’ असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये.
• सभासद होऊन आणखी सभासद जोडण्याची अट असेल तर सावध राहावे. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई आहे.

सहायक कृषी अधिकारी, कृषी सखी आणि आशाताईंना विनंती आहे, की शेतीशाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तर गवती चहाची चार पाती आणि एक बाटली शेजारी ठेवून थेंबाचा हिशेब करून दाखवावा. सोबत १०८ आणि १४४१६ हे दोन क्रमांक फळ्यावर लिहावेत. पाती चहात टाकावीत, बाटली मुलांपासून दूर ठेवावी आणि आजारपण डॉक्टरांकडे न्यावे, एवढे घराघरांत पोहोचले तरी पुष्कळ झाले.